पुणे ते नागपूर: अंतर नेमकं किती, आणि विमानाला दीड तास का लागतो?

प्रश्न कोथरूडच्या एका गृहस्थांचा आहे. मे महिन्यात नागपूरला भाचीचं लग्न आहे, सोबत ७२ वर्षांची आई असेल. पुणे-नागपूर अंतर त्यांना कुठे ६०५ किलोमीटर दिसलं, कुठे ६२०, कुठे ७१५, आणि रेल्वेच्या वेळापत्रकात तर ८८०च्या पुढे. यातलं खरं कोणतं? विमान ताशी ८०० किलोमीटरने जात असेल तर पाऊण तासात पोचायला हवं, मग तिकिटावर दीड तास कसा? आणि मुहूर्त दुपारी १२च्या सुमाराचा आहे, तर त्याच दिवशी सकाळच्या विमानाने निघालं तर चालेल का?

मी २८ वर्षं विमान कंपन्यांच्या उड्डाण नियोजनात काढली. आमच्या कामाला डिस्पॅच म्हणतात. कुठल्या मार्गाने जायचं, किती उंचीवरून, किती इंधन भरायचं, वाटेत आणि उतरण्याच्या ठिकाणी हवामान कसं असेल, हे सगळं मांडून वैमानिकाच्या हातात कागद द्यायचा. पुणे-नागपूर हा मार्ग मी शेकडो वेळा मांडला असेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कारण शेवटचा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे आणि त्याचं उत्तर पहिल्या दोन प्रश्नांत दडलेलं आहे.

तुम्ही दिलेले चारही आकडे खरे आहेत. पुणे शहराच्या मध्यापासून नागपूरच्या मध्यापर्यंत नकाशावर सरळ रेषा ओढली तर ती सुमारे ६२० किलोमीटर भरते. पण विमान शनिवारवाड्यावरून उडत नाही आणि सीताबर्डीवर उतरत नाही. पुण्याचा विमानतळ लोहगावला, शहराच्या ईशान्येला आहे, म्हणजे नागपूरच्या बाजूला. नागपूरचा विमानतळ सोनेगावला, शहराच्या नैर्ऋत्येला, म्हणजे पुण्याच्या बाजूला. दोन्ही विमानतळ एकमेकांकडे तोंड करून असल्यासारखे आहेत, म्हणून धावपट्टी ते धावपट्टी अंतर सुमारे ६०५ किलोमीटर, आमच्या भाषेत ३२७ सागरी मैल. रस्ता अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, जालना असा वळत जातो, त्यामुळे तो ७००च्या पुढे जातो. आणि रेल्वे? ती तर आधी दौंडवरून उत्तरेला मनमाडपर्यंत चढते, मग भुसावळ, अकोला, वर्धा असं करत नागपूर गाठते. म्हणून रेल्वेचं अंतर सर्वांत मोठं.

आता विमानाच्या वेळेकडे येऊ. लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे.

तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती उडण्याची नसते. आम्ही तिला ब्लॉक टाइम म्हणतो. पुण्यात विमानाच्या चाकांखालचे अडसर काढले की घड्याळ सुरू होतं, नागपूरला चाकांखाली पुन्हा अडसर लागले की ते थांबतं. या दोन क्षणांमध्ये विमान मागे ढकलणं, इंजिनं सुरू करणं, धावपट्टीपर्यंत चालत जाणं, तिथे नंबर लागेपर्यंत थांबणं, उड्डाण, उतरणं आणि पुन्हा चालत जागेवर येणं, सगळं येतं. हवेतली वेळ यातली साधारण तास-सव्वा तास. उरलेली जमिनीवर जाते.

लोहगावला हा जमिनीवरचा वेळ थोडा जास्त धरावा लागतो, आणि त्याला कारण आहे. हा मुळात हवाई दलाचा तळ. १९३९ साली ब्रिटिशांच्या हवाई दलासाठी तो उभारला गेला, आणि आजही तिथली धावपट्टी आणि हवाई वाहतूक नियंत्रण भारतीय हवाई दलाकडे आहे. प्रवासी विमानांना तिथे जागा दिलेली आहे. धावपट्टी एकच, तीही अडीच किलोमीटरच्या आसपास, आणि त्याच पट्टीवरून सुखोई लढाऊ विमानंही उडतात. त्यांचा सराव चालू असेल तर प्रवासी विमान थांबतं. यात कोणाचा दोष नाही. तळ त्यांचा आहे आणि त्यांचं काम आधीचं आहे. २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, त्याने आतली गर्दी कमी झाली, बसायला जागा झाली. पण टर्मिनल वाढलं म्हणून धावपट्ट्या दोन होत नाहीत, हे लक्षात ठेवा.

मग ताशी ८०० किलोमीटरचं काय? हा वेग खरा आहे, पण तो फक्त वर, सपाट उड्डाणात मिळतो. एअरबस ३२० सारखं जेट उड्डाणानंतर ३३-३५ हजार फुटांवर पोचायला साधारण २० मिनिटं घेतं आणि तेवढ्यात सुमारे २०० किलोमीटर कापतं. उतरण्याचं गणित वैमानिक तोंडी करतात: जितके हजार फूट खाली यायचं त्याला तीनने गुणा, तितके सागरी मैल आधी उतरायला लागा. ३५ हजार फुटांसाठी १०५ सागरी मैल, म्हणजे पुन्हा जवळजवळ २०० किलोमीटर. शिवाय दहा हजार फुटांच्या खाली वेग २५० नॉटच्या, म्हणजे ताशी २५० सागरी मैलांच्या, आत ठेवावा लागतो. आता ६०५ मधून दोनशे चढण्याचे आणि दोनशे उतरण्याचे वजा करा. पूर्ण वेगाने सपाट उडायला उरले दोनशे, म्हणजे १५ मिनिटं. या मार्गावर विमान जेमतेम पाव तास सरळ उडतं. उरलेला सगळा वेळ ते एक तर चढत असतं, नाही तर उतरत असतं.

त्यात वळणं येतात. लोहगावची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. वारा पूर्वेचा असेल तर विमान पूर्वेला उडतं आणि थोडं डावीकडे वळलं की नागपूरची दिशा पकडतं. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असतो, तेव्हा ते शहराच्या दिशेने उडून मग मागे वळतं. नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय आहे आणि आपण येतो नैर्ऋत्येकडून, म्हणजे जवळपास काटकोनात. कुठल्याही टोकाने उतरा, वळसा घ्यावाच लागतो. दोन्हीकडचं मिळून कागदावरचे ६०५ प्रत्यक्षात ६३०-६५०पर्यंत जातात.

वाऱ्याचं लोक फार विचारतात. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, त्यामुळे नागपूरला जाताना तो पाठीशी असतो आणि पुण्याला येताना तोंडावर. पण एवढ्या छोट्या मार्गावर त्याने चार-पाच मिनिटांचा फरक पडतो, त्याहून जास्त नाही. जाण्या-येण्याच्या छापील वेळांत दहा-पंधरा मिनिटांची तफावत दिसली तर त्याचं श्रेय वाऱ्याला देऊ नका. ती बहुधा त्या तासाला विमानतळावर किती गर्दी असते, हे पाहून कंपनीने जास्तीची धरलेली असते. पंधरा मिनिटांच्या आत सुटलेलं किंवा पोचलेलं विमान वेळेवर धरलं जातं, म्हणून कंपन्या वेळापत्रकात हात सैल ठेवतात. वैमानिक कधीकधी आनंदाने सांगतो की आपण दहा मिनिटं आधी पोचतोय, तेव्हा ती दहा मिनिटं वेळापत्रकातच ठेवलेली होती असं समजा.

एक ढोबळ हिशेब देतो, तो जेट विमानांसाठी बहुतेक ठिकाणी लागू पडतो. विमानतळ ते विमानतळ सरळ अंतराला ८००ने भागा, तेवढे तास, आणि त्यात ४० मिनिटं मिळवा. नागपूरसाठी ४५ अधिक ४०, म्हणजे १ तास २५ मिनिटं. हैदराबाद सुमारे ५००, तर सव्वा तास. बंगळूर ७२०, तर १ तास ३५ मिनिटं. दिल्ली ११५०, तर दोन तास पाच-सात मिनिटं. ती ४० मिनिटं अंतर कितीही असलं तरी द्यावीच लागतात. म्हणूनच जवळच्या प्रवासात विमान मंद वाटतं. तिकिटावर एटीआर लिहिलं असेल, म्हणजे पंख्यांचं विमान, तर भागाकार ५००ने करा. त्याचा वेग कमी असतो, पण ते वाईट विमान नाही, छोट्या धावपट्ट्यांसाठी तेच योग्य आहे. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, तेव्हा मागच्या दिवाळीला अमुक वाजता विमान होतं यावर मे महिन्याचा बेत आखू नका.

आता तुमच्या दारापासून दारापर्यंतचा हिशेब. समजा विमान सकाळी १० वाजता आहे. सामान देण्याचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं, आणि आई सोबत असल्याने तुम्ही सव्वाआठला लोहगावला असावं असं मी म्हणेन. कोथरूडहून सातला निघा. रस्त्याने कर्वे रोड, बंडगार्डन, येरवडा हे सगळं पार करायचं तर सकाळीही तासभर धरा. वनाज ते रामवाडी मेट्रो २०२४ पासून थेट आहे, रामवाडीला उतरून पुढे चार-पाच किलोमीटर रिक्षा किंवा कॅब. सामान कमी असेल तर मला हाच मार्ग खात्रीचा वाटतो, कारण मेट्रोला सिग्नल लागत नाही. पण आईंच्या गुडघ्यांना जिने आणि गाडी बदलणं सोसणार नसेल तर सरळ कॅब करा. साडेअकराला नागपूरला उतरलात, सामान पट्ट्यावरून येऊन बाहेर पडायला बारा. सोनेगाव शहराला अगदी लागून आहे, वर्धा रोडवरून धरमपेठ किंवा महाल गाठायला अर्धा तास. म्हणजे साडेबारा. दारापासून दारापर्यंत साडेपाच तास, त्यात पूर्ण वेगाचं उड्डाण १५ मिनिटं.

६२० किलोमीटर साडेपाच तासांत, म्हणजे ताशी ११३ किलोमीटर. समृद्धी महामार्गावर मोटारीला १२०ची मर्यादा आहे. मग गाडीनेच का जाऊ नये, असं तुमच्या मनात येईल. कारण समृद्धी पुण्यातून जात नाही. छत्रपती संभाजीनगरपर्यंतचे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर वाघोली, शिरूर, अहिल्यानगर असे जुन्या रस्त्याने काढावे लागतात आणि तिथेच पाच तास जातात. पुढचे साडेचारशे किलोमीटरही तेवढ्याच वेळात होतात. एकूण थांब्यांसह दहा-अकरा तास. समृद्धीवर गाडी चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: रस्ता सरळ आणि एकसुरी आहे, डोळा लागतो. दर दोन तासांनी थांबा, टायरची हवा तपासूनच चढा, आणि मे महिन्याच्या दुपारी तर विशेष काळजी घ्या.

रात्रीची ट्रॅव्हल्स पुण्यात शिकणारी विदर्भातली मुलं वर्षानुवर्षं वापरतात, स्वस्त पडते, पण ७२ वर्षांच्या माणसाला मी स्लीपरच्या वरच्या बर्थवर तरी पाठवणार नाही. रेल्वेत महाराष्ट्र एक्सप्रेस, आझाद हिंद, गरीब रथ आहेत, आणि ऑगस्ट २०२५ पासून पुणे-अजनी वंदे भारतही सुरू झाली. ती सुमारे १२ तास घेते आणि दिवसा धावते. आईंना विमानाची भीती वाटत असेल तर वंदे भारत हा चांगला पर्याय आहे. बसून जावं लागतं, पण उठून फिरता येतं आणि स्वच्छतागृह हाताशी असतं. अजनी हे नागपूरच्याच दक्षिण भागातलं स्टेशन आहे, गोंधळू नका.

तर मूळ प्रश्न: त्याच दिवशी सकाळी निघालं तर चालेल का? माझं उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असं आहे, आणि ते मी अनुभवाने सांगतो.

नोकरीत असतानाची गोष्ट आहे. मावसभावाच्या मुलीचं लग्न नागपूरला, जानेवारीत. मुहूर्त अकरा बेचाळीसचा. मी स्वतः रोज विमानांचे आराखडे करणारा माणूस, मला वाटलं सव्वासातचं विमान, पावणेनऊला नागपूर, दहापर्यंत कार्यालयात. आई सोबत होती, तिने नवरीसाठी स्वतः विणलेली शाल घेतली होती. त्या पहाटे लोहगावला धुकं उतरलं. धुक्याचं असं असतं की ते बहुधा सूर्य उगवल्यावर आधी दाट होतं आणि मग विरतं. दृश्यमानता उड्डाणाच्या मर्यादेखाली गेली. आमचं विमान सुटलं तीन तासांनी. कार्यालयात पोचलो तेव्हा मंगलाष्टकं होऊन पंगत बसली होती. आई काही बोलली नाही, फक्त शाल हातात धरून नवरी जेवून उठेपर्यंत बाजूला बसून राहिली. त्या दिवसापासून घरच्या कार्याला मी कुटुंबाला आदल्या दिवशीच पाठवत आलो आहे.

तुम्हाला मे महिन्यात धुकं लागणार नाही. पण मे महिन्याचे स्वतःचे प्रश्न आहेत. नागपूरला दुपारी पारा ४४-४५ अंशांवर जातो. तापलेली जमीन हवेला वर ढकलते आणि दुपारी उतरताना विमान चांगलंच हलतं. त्यात धोका नसतो, विमानं याहून कितीतरी मोठे झटके सोसण्यासाठी बांधलेली असतात, पण वयस्कर माणूस घाबरतो आणि मळमळतं. सकाळी दहाच्या आत उतरणारं विमान घ्या, हवा शांत असते. संध्याकाळी वळवाची वादळं येतात. नागपूरवर वादळ असेल तर विमान आकाशात घिरट्या घालून वाट पाहतं. त्यासाठी आम्ही जास्तीचं इंधन देतो: वाटेत कमीजास्त झालं तर लागणारं, पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचं, आणि शिवाय अर्ध्या तासाचं राखीव, ज्याला हात लागता कामा नये. वादळ हललं नाही तर हैदराबाद किंवा रायपूरसारख्या ठिकाणी उतरावं लागतं. क्वचितच होतं, पण नेमकं लग्नाच्या दिवशी नको.

आणखी एक कारण सकाळच्या विमानाचं. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या करतं. सकाळी कुठे वीस मिनिटं उशीर झाला की तो पुढच्या प्रत्येक फेरीत मुरत जातो. दिवसाच्या पहिल्या विमानाला हे ओझं नसतं, कारण ते रात्रीच येऊन उभं असतं. संध्याकाळचं घ्यावंच लागलं तर घरून निघण्यापूर्वी ते विमान आधीच्या गावाहून सुटलं का, हे मोबाईलवर बघा. तुमच्या विमानाची वेळ काय लिहिली आहे यापेक्षा ते खरं बोलतं.

म्हणून: लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळचं पहिलं किंवा दुसरं विमान. आईंसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, निदान ४८ तास आधी तरी. टर्मिनलमध्ये चालणं बरंच असतं आणि त्या घरात कितीही चालत असल्या तरी इथे संकोच करू नये. उतरायला लागल्यापासून वीस-पंचवीस मिनिटं कानांवर दाब येतो, त्यांना चघळायला आवळासुपारी किंवा खडीसाखर द्या आणि त्या वेळी झोपू देऊ नका, कारण झोपेत आपण गिळत नाही. सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. औषधं हातातल्या पिशवीत, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात नकोत.

नागपूरबद्दल एक सांगायचं राहून जाऊ नये. झिरो माइलचा दगड तिथे उगाच नाही. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून विमानं मध्यरात्री नागपूरला येऊन भेटायची, टपालाच्या थैल्या बदलायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. देशाच्या मध्यावर असल्याचा एवढा सुंदर उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही, आणि या धंद्यात आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला मी हे सांगत असे.

आणि जागा निवडताना आईंना डावीकडची खिडकी घ्या, पंखाच्या पुढची. पुण्याहून नागपूरची सरळ रेषा अहिल्यानगरच्या थोडी दक्षिणेकडून जाते, पैठणच्या खालच्या अंगाला गोदावरी ओलांडते, तेव्हा डावीकडे जायकवाडीचं पाणी पसरलेलं दिसतं. त्यानंतर बरोबर निम्म्या वाटेवर, वाशीमच्या आधी, रेषेच्या उत्तरेला दहा-बारा किलोमीटरवर लोणार आहे. सकाळची हवा स्वच्छ असेल आणि विमान त्या रेषेवर असेल तर तपकिरी माळरानात ते गोल, हिरवट पाणी ओळखू येतं. उड्डाणानंतर तीस-पस्तीस मिनिटांनी बघायला सांगा. परत येताना उजवी खिडकी.